गच्चीवरचं माप

शिंपीणकाकू गच्चीवर जाऊन स्वर्गवासी नवऱ्याला बोलावतात, ही बातमी इमारतीत मजल्यामजल्याने चढत गेली. कुणीतरी म्हणे कानांनी ऐकलं होतं: काकू एका उंच खांबाला धरून विनवत होत्या, "ये ना रे खाली, किती वाट बघायला लावशील?"

बातमीत खोट एवढीच, की नवरा स्वर्गात नव्हता. दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. त्या माणसाचा आवाज इमारतीत कुणी ऐकलेलाच नाही, तेव्हा लोकांनाही किती बोल लावायचा? काकूंची विनवणी होती मापाच्या डबीतल्या काट्याला. काटा खाली आला तर रेडिओचा आवाज दूर जाणार. वर राहिला, तर पाठवलेलं सगळं टपालाने परत आल्यासारखं माघारी.

काकूंना रेडिओवरून लांबच्यांशी बोलायचा हा नाद त्यांच्या दादाने लावला. हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा दोघा भावंडांनी पिकल्या केसांनी मांडीला मांडी लावून दिली. पुढे दादा लेकीकडे राहायला गेला, डोंगरापलीकडे. तिथे त्याने दुकानातून तयार अँटेना आणून ठोकला आणि बहिणीलाही एक पाठवतो म्हणाला.

"तयार कपडे घालणाऱ्यांनी शिंपिणीला शिकवू नये," काकूंनी फोनवर सुनावलं. "मी माझा बेतीन."

बेतला. गच्चीच्या कठड्याला प्लॅस्टिकचा उंच खांब बांधला, त्याच्या अंगाने एक तार सरळ वर नेली आणि बुंध्यापासून चहूकडे जमिनीलगत तारा पसरल्या, घेरदार झग्यासारख्या. त्या झग्यात पहिला पाय अडकला तो सेक्रेटरीचा.

"काकू, हे काय जाळं! काढून टाका बघू."

"रविवारी दादाला माझा आवाज पोचला नाही, तर मीच उतरवीन. खांब तुमच्या पडद्यांना दांडा म्हणून घेऊन जा."

काकू रागाच्या भरात बोलून गेल्या. सेक्रेटरी मात्र शांतपणे घरी जाऊन खिडकी मोजून आला.

उभी तार लहरीच्या मापाची हवी. म्हणून आधी लांब ठेवायची, मग बुंध्याशी थोडी थोडी छाटत जायचं. हे काकूंच्या हातातलंच काम. कापडाची कात्री तारेला लावण्यापेक्षा त्यांनी तार दातांनी तोडली असती. त्यासाठी पक्कड वेगळी. गिऱ्हाइकाचा खांदा धरावा तसा एका हाताने खांब धरायचा, दुसऱ्या हातात मापाची डबी. छाट, बघ. छाट, बघ. शेवटी काटा असा गुमान तळाशी बसला, की काकूंनी खांबाला शाबासकी दिली.

खाली शिवणखोलीत, मशीनशेजारी रेडिओ मांडलेला. तो लावला तर त्याच्यावरचा तसलाच काटा टुणकन वर!

गच्चीवरून खाली आणलेल्या केबलवर संशय आला. काकूंनी जोड उसवले, पुन्हा कथिलाचे डाग दिले. गच्चीवर जाऊन खांब धरला: काटा तळाशी. खाली आल्या: काटा वर. शनिवार असाच जिने चढण्या-उतरण्यात गेला. सेक्रेटरी जिन्यात भेटला की नुसता हसे. काकूंच्या डोळ्यांपुढे त्याच्या पडद्यांच्या चुण्या दिसू लागल्या.

उन्हं कलल्यावर काका चहा घेऊन गच्चीवर आले. काकूंनी डबी स्टुलावर ठेवली, कप घ्यायला चार पावलं बाजूला गेल्या. काका तिथेच उभे, स्टुलाकडे बघत. मग त्यांनी तोंड उघडलं. काकूंचा कप हिंदकळला.

"तू लांब गेलीस की हा बिघडतो."

काकूंनी कप ठेवला. जवळ गेल्या, काटा खाली. लांब गेल्या, काटा वर. पुन्हा जवळ, पुन्हा लांब. आणि मग त्या कठड्याला टेकून पोट धरून हसत सुटल्या. खांबाला धरून माप घेतलं होतं; त्या मापात बाईंचं अख्खं अंग मोजलं गेलं होतं! त्यांच्या हातामुळे तार लांब भासत होती, आणि त्या बिचारीला छाटत चालल्या होत्या.

म्हणजे आता जोड देणं आलं. ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाच्या झग्याला जोड दिला नाही, तिने तोंड वाकडं करून तारेला वीतभर तुकडा जोडला. मग डबी स्टुलावर ठेवायची, लांब जाऊन बघायचं, परत येऊन जरासं छाटायचं. जवळचं दिसत नाही, पण लांबचं चष्म्याशिवाय लख्ख दिसतं. वयाचा एवढा तरी उपयोग झाला. काटा उतरला आणि काकू दूर असतानाही खालीच राहिला.

रविवारी सकाळी सेक्रेटरी मोजायची टेप घेऊन दारात हजर. काकांनी दोन कप जास्तीचे मांडले. काकूंनी घसा खाकरला, बोलायची कळ दाबून आपली रेडिओची खूण सांगितली आणि कळ सोडली. खरखर. पुन्हा सांगितली. पुन्हा खरखर. सेक्रेटरीने टेप थोडी ओढली.

"चिमणे!" खरखरीतून दादा बाहेर आला. "अगं, शेजारी बसून बोलल्यासारखी ऐकू येतेस! कसं काय जमवलंस? बोल."

टेप सुर्रकन मिटली. काकूंना गप्प बसवेना. खांब, चहा, काका, जोड, सगळं सांगून टाकलं. मग दादाचं ते जुनं खिदळणं आलं.

"शिंपीण म्हणवतेस आणि माप चुकलीस? बोल."

काकूंनी कळ दाबली.

"माप चुकलं नव्हतं, दादा. गिऱ्हाइकाच्या जोडीला मी स्वतःच झग्यात शिरले होते."