पोटऱ्या मोजणारे काका

कल्याणात त्या काळी अशी एकही पोटरी नव्हती, जी आमच्या थोरल्या काकांनी मोजलेली नव्हती. मामलेदाराची मोजली, मामलेदाराच्या शिपायाची मोजली, खाडीवर भाताची पोती वाहणाऱ्या हमालांच्या झाडून सगळ्या मोजल्या, आणि डोंबिवलीहून बैलगाडीतून येणाऱ्या एका कीर्तनकारबुवांना तर भर रस्त्यात उतरवून, धोतर वर धरायला लावून मोजली. चतुर्थीला लोक टिटवाळ्याला देवाच्या पायांसाठी जात. काका तिथे लोकांच्या पायांसाठी जात. मी जरा वाढवून सांगतो असं आमच्या घरात म्हणतात. पण काकांच्या बाबतीत मी उलट बरंच गाळून सांगतो आहे, कारण सगळं सांगितलं तर तुम्ही हे अर्ध्यातच मिटून ठेवाल.

काका रेल्वेच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या कामाला होते. घाटातलं काम चालू असताना तिथे माणसं रोज मोडून यायची आणि काका त्यांना बांधून परत पाठवायचे. तिथल्या गोऱ्या डॉक्टरकडून त्यांनी एक गोष्ट उचलली आणि जन्मभर सोडली नाही. शरीरात कुठेही दाह पेटला, की रक्त विरजायला बघतं. आणि विरजायला त्याला सगळ्यात आवडती जागा म्हणजे पायातली शीर. तिथे गुठळी धरली की एक पोटरी दुसरीपेक्षा जाड होते, तापते. म्हणून काकांच्या जानव्याला किल्लीशेजारी एक सुताची दोरी कायम लटकलेली असे. ताप आला? पाय दाखव. गळू झालं? पाय दाखव. एकदा शाळेतले पंतोजी सुजलेल्या गालाला पंचा बांधून समोरून चालले होते, तर काकांनी त्यांना ओट्यावर बसवून पोटऱ्या मोजायला घेतल्या. "अहो, दुखते आहे ती दाढ!" पंतोजी कळवळले. "दाढेचं काय एवढं? ती सगळ्या गावाला दिसते आहे," काका म्हणाले, "डावा पाय पुढे घ्या."

यात गोची अशी की, पोटरी मोजायची तर पायाशी वाकावं लागतं, आणि वडीलधारा माणूस पायाशी वाकला की समोरच्याची भंबेरी उडते. धाकटी माणसं तर "काका, काका, हे काय!" म्हणत ओट्यावरून खाली उड्या घेत. पण काकांच्या मुलीच्या लग्नात नेमकं उलट झालं. व्याहीबुवांना सर्दीनं बारीक कणकण होती. काकांना ते कळलं, आणि भर मांडवात ते त्यांच्या पायाशी वाकले. व्याही खूश! मुलीचा बाप पाया पडतो आहे म्हणून त्यांनी ऐटीत पाय पुढे केला आणि सगळे बघताहेत ना, म्हणून चौफेर नजर फिरवली. सगळे बघतच होते. तेवढ्यात काकांनी त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत वर सारून दोरी आवळली आणि मोठ्यानं म्हणाले, "डावी झाली. आता उजवी." व्याही जे रुसले ते दुसऱ्या पंगतीपर्यंत. त्यांची समजूत काढायला सोळा माणसं लागली. काका मात्र सगळ्यांना समाधानानं सांगत होते, "दोन्ही सारख्या आहेत हो. माणूस चांगला आहे."

कोणी शंका काढली की काका स्वयंपाकघरातून अर्धवट लागलेल्या दह्याचं गाडगं घेऊन येत. "हे बघ. गप्प राहिलं तर जागच्या जागी बसतं. आणि हलवलंस," म्हणून ते गाडगं गदागदा हलवत, "की हा असा तुकडा सुटतो. सुटलेला तुकडा थेट काळजाकडे, तिथून फुप्फुसात. संपला माणूस!" माणूस संपो न संपो, दही मात्र तिथेच संपे. "या घरात दही खायला लावत नाहीत, शिकवायला लावतात," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आणि या सगळ्याला सगळ्यात जास्त हसणारा मी. ठाण्याच्या कचेरीत नवा नवा कारकून लागलो होतो. दुपारच्या सुट्टीत दप्तराची लाल फीत घेऊन मी काकांची अशी हुबेहूब नक्कल करी, की हेडक्लार्कसुद्धा आपण होऊन पाय पुढे करत.

आमच्या हिला आई नव्हती, म्हणून आमचं पहिलं बाळंतपण कल्याणला आमच्याच घरी झालं. मुलगी झाली. नवव्या दिवशी बाळंतिणीला ताप चढला आणि डावा पाय सुजला. सुजला म्हणजे किती, इथे मी वाढवून सांगत नाही. पांढराफटक, तकतकीत, हात लावला तर भाजावा असा. सुईण खाडीपलीकडच्या आगरवाडीतली, हाताची पक्की. तिनं लगेच तेलाची कढई चुलीवर चढवली. पाय चोळला की सूज उतरते, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं.

काका बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत सोयर, त्यात सुनेचा पाय. उंबरा ओलांडणं शक्यच नव्हतं. त्यांनी जानव्याची दोरी सोडली आणि आत टाकली. "आधी उजवी मोजा, गाठ मारा. मग डावी मोजा, गाठ मारा."

दोरी परत आली. दोन गाठींमध्ये चार बोटांचं अंतर होतं. आयुष्यभर ज्याला त्याला धरून ते जे शोधत होते, ते हातात आलं होतं, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"चोळायचं नाही," ते म्हणाले.

"चोलल्याबिगर सूज उतरंल कं, बाबा?" आतून सुईण कडाडली. "माज्या हातान एवढी बालंतपनां झाली, तवा तुमची दोरी व्हती कं?"

"आज तरी पुरे करा तुमचं वेड," काकू रडकुंडीला आल्या. "पोर विव्हळते आहे."

आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. आतून हिचा बारीक आवाज आला, "काय ते लवकर ठरवा."

मी काकांना बाजूला घेतलं. "काका, खात्री आहे?"

"घाटात रुळांचे सांधे बदलणारा एक सांधेवाला होता," काका हळूच म्हणाले. "पायाचं हाड मोडलेलं. पाय असाच सुजला. साहेब म्हणाला होता, हात लावू नकोस. पण तो रात्रंदिवस कण्हायचा रे. मला बघवेना. मी चोळला. 'बरं वाटतंय, दादा' म्हणाला. उठून बसला. छातीवर हात ठेवला, आणि…" काकांनी दोरी मुठीत आवळली. "साहेब मला एक शब्द बोलला नाही. त्यानं रागवायला हवं होतं."

मी दारात गेलो, कढई मागून घेतली आणि तेल परसात केळीच्या बुंध्याशी ओतलं.

पुढे पाय उशीवर उंच, कापसात गुंडाळलेला, आणि ही सरळ उताणी. काका उंबऱ्याबाहेर काठी घेऊन बसले. मांजर आत शिरायचं तरी त्यांना विचारून. रोज सकाळी दोरी आत जाई, गाठी घेऊन बाहेर येई. सुईण आठ दिवस काकांशी बोलली नाही. मग एकदा तिनंच आतून हाक दिली, "बाबा, आज तीन बोटां." मग दोन. ज्या दिवशी एकच बोट उरलं, त्या दिवशी काकांनी गाडग्यातलं दही न हलवता खाल्लं. पुढच्या वर्षी सुईणीच्या कनवटीला तसलीच एक दोरी दिसली. विचारलं तर म्हणे, "लुगरं वालत घालाला!"

आम्ही ठाण्याला बिऱ्हाड केलं, तेव्हा ही काकांच्या पाया पडली. काकांचा हात सवयीनं जानव्याकडे गेला आणि थबकला. त्यांनी दोरी सोडून हिच्या हातात ठेवली. "तुझी तूच मोजत जा," म्हणाले.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी कचेरीतली ती नक्कल पुन्हा केली नाही. गेल्या आठवड्यात मला दोन दिवस ताप होता. दुपारी डोळा उघडला तर ही पायाशी बसून दोरी आवळत होती. "अगं, काय वेड हे!" मी म्हणालो. "गप्प पडा. डावी झाली," ती म्हणाली, "आता उजवी." गाठी जुळल्या. तरी दोरी लगेच खुंटीला गेली नाही. कितीतरी वेळ ती तशीच हातात धरून बसली होती, आणि मीही पाय मागे घेतला नाही.