दुसऱ्या मास्टरमधून न आलेलं नाव

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे गावात कुणी भुताखेताचं काही सांगितलं की त्यात शंका काढायचं काम आपोआप माझ्याकडे येतं, आणि आजवर मी ते आनंदाने करत आलो. म्हणूनच हे लिहिताना जरा संकोच वाटतो... पण जसं घडलं तसंच लिहितो.

आमचं गाव उलवे. एका बाजूला खाडी, एका बाजूला मिठागरं. गेल्या वैशाखात माझ्या बहिणीचं, येसूचं लग्न झालं. आमच्या आगरी लोकांत लग्नाला धवलारीण लागते. ही बाई धवले गाते – आधी देवांना, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाचं आवतन देते. नाव घेतलं की तो माणूस पितरांत गेला, असं सगळे धरतात.

अडचण तिथेच होती. माझा थोरला भाऊ हिराजी काही वर्षांपूर्वी मिठाने भरलेला मचवा घेऊन खाडीतून मुंबईला निघाला, तो परत आलाच नाही. मचवाही सापडला नाही. बा म्हणे, पोर गेला, आता त्याला मोकळा करू. आय म्हणे, "मना त्याचा मुडदा दाव, मंग नाव घे." तेव्हापासून आय बाशी बोलत नव्हती. भाकरी वाढायची, पण शब्द नाही.

शिवाय आयला तापाच्या दुखण्यापासून कमी ऐकू येतं. लाऊडस्पीकरचा कर्णा लावला तर तिला नुसता गोंगाट कळतो, शब्द कळत नाहीत. लेकीच्या लग्नातले धवले तिला ऐकवायचे, एवढंच माझ्या मनात होतं.

कर्णे आणि मिक्सर पनवेलच्या हसनभाईंचे, भाड्याने आणलेले. मिक्सरला चार माईकचे चार नॉब आणि शेवटी एकच मोठा नॉब – मास्टर. सगळा आवाज तिथून अँप्लिफायरला जातो. मला दुसरा मास्टर हवा होता, आयच्या हेडफोनपुरता. कर्णा मोठा-बारीक झाला तरी तिचा आवाज वेगळा ठेवता आला पाहिजे.

"डिग्री आली काय हातात?" हसनभाईंनी विचारलं.

"अजून नाही."

"मंग माझी मशीन कशाला उघडतोस? डिग्री आली की सोताची उघड."

"आयला धवले ऐकायचेत, हसनभाई."

त्यांनी मिक्सर माझ्याकडे सरकवला. "भोकं किती पाडनार?"

"दोन. एक नॉबला, एक वायरीला."

"मागल्या अंगाला पाड. पुढून दिसलं तर गिऱ्हाईक बोलंल, सेकंड हॅन्ड माल हाय."

चारही माईकचे आवाज जिथे एकत्र होतात, तिथूनच मी दुसरी वाट काढली. रेडिओत असतो तसला एक जादा काचेचा व्हॉल्व्ह, एक कपॅसिटर, एक नॉब. म्हणजे कर्ण्याला जे जाणार तेच हेडफोनला जाणार – फरक पडला तर लहानमोठ्या आवाजाचा. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात गोमाबाय धवलारीण माईकसमोर बसली. गावात वीज नाही, सगळं लॉरीच्या बॅटरीवर चाललं होतं. आय आत ओसरीवर, येसूच्या जवळ. हेडफोनची एक बाजू मी आयच्या कानाला लावली आणि दुसरी माझ्या डाव्या कानाला, नॉब नीट बसवता यावा म्हणून.

पहिला धवला आला आणि आयने माझं मनगट धरलं. "गोमाचा गला बसलाय रं," ती म्हणाली आणि हसली. गळा बसलाय हे कळण्याइतकं तिला ऐकू येत होतं.

देव झाले. मग पितर. आजा, आजी, चुलता. आणि मला मांडवात बा दिसला – गोमाबायच्या कानाशी वाकलेला. काय चाललंय ते कळलं, पण मी उठेपर्यंत उशीर झाला. माझ्या उजव्या कानात कर्ण्यातून स्पष्ट आलं – हिराजीच्या नावाचं आवतन. अख्खी ओळ. मांडवातल्या बायका रडायला लागल्या.

डाव्या कानात ती ओळ आलीच नाही.

वायर तुटली असती, जोड सुटला असता, तर सगळंच बंद पडलं असतं. तसं नव्हतं. हेडफोनमध्ये बांगड्या वाजत होत्या, कुणाचं तरी तान्हं कुरकुरत होतं, बायकांचं रडणंही येत होतं. फक्त गोमाबायचा आवाज नव्हता. पुढच्या ओळीला तो पुन्हा आला.

"बायका कशाला रडतान?" आयने विचारलं.

"येसू जाणार म्हणून," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "तुझ्या बानं माझा शबूद ठेवला रं. नाय घेतला नाव."

त्या संध्याकाळी ती बाला म्हणाली, "जेवलाव का?" बा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, हिने नाव ऐकलं आणि मानलं. मी दोघांनाही काही बोललो नाही. मिक्सर परत देण्याआधी हसनभाईंसमोर उघडून तपासला. सगळे जोड पक्के. माईकवर मी बोललो, ते हेडफोनवर. "एकूण एक शब्द येतो," ते म्हणाले.

भाद्रपदात पितरांची पानं वाढली तेव्हा बाने हिराजीचंही पान वाढलं, अगदी उजळ माथ्याने. आय बाहेर आली. "हा कुनाचा?"

तिने पानं मोजली. तिला कळलं. ती रडली नाही, भांडली नाही. पान उचलून आत नेलं, चुलीजवळ ठेवलं, त्यावर टोपली झाकली. "त्याला उशीर झालाय," एवढंच म्हणाली.

बाने मला अंगणात ओढलं. "हिनं आयकला नव्हता?"

"नाही, बा. कर्ण्यातून आलं. तिच्या हेडफोनात नाही आलं. मी पण होतो ना त्यावर."

"असा कसा होईल?"

"माहीत नाही."

बाने एकदा खाडीकडे पाहिलं. मग आत गेला, तांब्या भरला आणि झाकलेल्या पानाशेजारी ठेवला.

मिक्सरची आकृती मी कॉलेजातल्या आमच्या सरांना दाखवली. असं होऊ शकत नाही, असं ते म्हणाले. माझंही तेच मत आहे. वाचकांपैकी कुणाला काही कारण सापडलं तर जरूर कळवावं, मी अगदी मनापासून वाचीन. घरी मात्र ते सांगेन की नाही, हे आज मला सांगता येत नाही.