काकूंच्या वाट्याची जागा

शिवणवाल्या काकूंच्या वाट्याला कायम कोपराच यायचा. घर वाटलं तेव्हा जिन्याखालची खोली आली. पुतण्याने घरातला एकुलता एक कॉम्प्युटर वाटून दिला तेव्हाही तेच. ज्याला त्याला स्वतःचं नाव आणि फाइली ठेवायला ठरवून दिलेली जागा. जाऊबाईंना ऐसपैस, काकूंना चिमूटभर. काकू असं ठेवून ठेवून काय ठेवणार, चिंध्या?

काकूंनी त्या चिमटीत तीस वर्षं बसवली होती. वह्यांना वाळवी लागली म्हणून गिऱ्हाइकांची मापं, गळ्यांचे नमुने, सगळ्याचे फोटो कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्याने काढून तिथेच ठेवले आणि वह्या फेकून दिल्या होत्या.

त्या सकाळी काकूंनी नवऱ्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. आयुष्यभर बसचा कंडक्टर. याच्या हाकेने मागच्या सीटवरचा झोपलेला माणूससुद्धा दचकून उतरायचा. आज बाराला दवाखान्यात भरती, उद्या घशातलं स्वरयंत्रच काढणार. लेकीला सातवा महिना. आजोबाचा आवाज बाळाच्या कानी पडावा, एवढीच काकूंची हौस. काकूंचा फोन बटणांचा, म्हणून हा कॅमेऱ्याचा खटाटोप.

तो चाळीस मिनिटं बोलला. घसा खरवडत सगळे थांबे म्हटले, लेकीच्या खोड्या सांगितल्या. काकूंनी बटण दाबलं, तर पडद्यावर आलं: तुमच्या वाट्याची जागा संपली, फाइल ठेवता आली नाही.

चाळीस मिनिटांचं बोलणं गेलं. जाऊबाई म्हणाल्या, माझ्यातली घे बाई, पण द्यायची कशी ते लेकालाच ठाऊक. काकूंनी आपले नमुने पुसायला घेतले. सगळे पुसले. जागा तेवढीच! मग पुतण्याला कामावर फोन लावला.

"काकू, पुसलेलं कचरापेटीत पडतं, आणि तेही तुमच्याच वाट्यात धरतात. मी घरी आल्याशिवाय वाटा वाढत नाही. पेटी रिकामी केलीत तर जागा होईल, पण मग ते परत मिळायचं नाही."

साडेअकरा झाले होते. काकूंनी पेटी रिकामी केली. तीस वर्षं डोळ्यांदेखत गेली, आणि त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"अहो, बोला आता. पुष्कळ जागा झालीय."

त्याने तोंड उघडलं. घशातून नुसती घरघर आली. पाणी पाजलं, पाठ चोळली. दारात रिक्षा येऊन थांबली.

या नव्या फाइलीत आता एवढंच आहे, तेही कुजबुजत: "चालू झालं का गं?" मग खोकला, आणि मग, "राहू दे. तू दमलीस."

बाकी काकूंच्या वाट्याची सगळी जागा मोकळी आहे.