मिठाचे चार खडे

रविवारी सकाळी साडेअकराला संयोगिता विजेच्या कुकरसमोर स्टूल ओढून बसते. पहिल्या वापराच्या वेळी यंत्रावर लक्ष ठेवा, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय. पहिला वापर होऊन पाच रविवार झाले. पण सव्वीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेल्या बाईचा पाच नमुन्यांवर विश्वास बसत नाही.

आत कोंबडीची हाडं, मान, पाय, आलं-लसूण, हळद, अख्खा कांदा आणि पाणी. उकळून त्याचं अळणी होईल, म्हणजे ज्याच्या जिवावर कोल्हापुरात पुढचा सगळा रस्सा उभा राहतो ते हाडांचं पाणी. नाव अळणी असलं तरी चमचाभर मीठ तिनं आत्ताच टाकून ठेवलंय. मागाहून विसरायला होतं. झाकण फिरवलं, बटण दाबलं, पडद्यावर पंचेचाळीस मिनिटं उमटली.

बाहेरच्या खोलीत आबा पेपर वाचतायत. आबा म्हणजे सासरे, वय एक्क्याऐंशी. आत्या गेल्यापासून आठ महिन्यांत त्यांचं सात किलो वजन उतरलंय. (या घरात सुना सासूला आत्या म्हणतात.) डॉक्टर म्हणाले, आवडीचं खायला घाला. आवडीचं एकच, रविवारचा रस्सा. त्याचे आबा दोन चमचे घेतात, "छान झालाय" म्हणतात आणि वाटी सरकवतात. संयोगिताला धास्ती वाटते ती या 'छान'चीच. बावन्न वर्षांत आबांनी आत्यांच्या एकाही रश्श्याला छान म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

तिनं आलं वाढवून पाहिलं, खोबरं कमी करून पाहिलं, तक्ता करून फ्रीजवर लावला. वजनाचा काटा खालीच चाललाय.

कुकर घूं करतो. पडद्यावर अडतीस. डोळे जड होतात. सदतीस. छत्तीस. पस्तीस. छत्तीस. सदतीस.

"हे उलटं कसं चाललंय?" ती विचारते.

"पाणी आटलं की परत घालावंच लागतंय," आत्या म्हणतात.

आत्या ओट्याला टेकून लसूण सोलतायत. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"आत्या, तुम्ही गेलात ना?"

"गेले की. तुझ्यासमोरच नेली मला. पुढं बोल."

आत्या कुकरला बोटानं टिचकी मारतात.

"हे मुकं का गं?"

"याला शिट्टी नसते. झालं की आपोआप बंद होतो."

"मग माणसांना कळतं कसं, स्वयंपाकघरात कधी यायचं ते?"

"माणसांनी यायचंच नसतं, आत्या. हीच तर सोय आहे."

"लई हुशार," आत्या म्हणतात. कुणाला, ते कळत नाही.

भिंत संपते तिथून कॉलेजचं परीक्षागृह सुरू होतं. बाकाबाकांवर माणसं बसलीयत आणि प्रत्येकासमोर बैठक क्रमांक लिहिलेली रिकामी वाटी. आत्या कमरेवर पातेलं घेऊन रांगेतून फिरतात, डावानं अळणी वाढतात. तिसऱ्या बाकावर आबा. मिशा काळ्याभोर, वय पस्तिशीच्या आसपास. त्यांची वाटी पालथी.

"पुरवणी हवी असेल त्यांनी हात वर करा," संयोगिता सवयीनं म्हणते. सगळे हात वर जातात. आबांचा सोडून.

"आत्या, मसाल्यात काय चुकतंय माझ्या?"

"काही नाही. माझ्यापेक्षा बरा करतेस. वास येतो की मला."

"मग हे खात का नाहीत?"

"त्यांना विचारलंस?"

"दर रविवारी विचारते. कसा झालाय म्हणून."

"झाल्यावर विचारतेस होय?" आत्या पातेलं दुसऱ्या कमरेवर घेतात. "झाल्यावर पाव्हण्याला विचारतात, बाई."

एसटी लागलेली आहे. परीक्षागृहाची दारं बसस्थानकात उघडतात आणि आत्या खिडकीत बसल्यायत, मांडीवर पातेलं. इंजिन सुरू. संयोगिता खिडकीशी धावते.

"हात कर," आत्या म्हणतात आणि कनवटीतून काढून मिठाचे खडे तिच्या तळव्यावर ठेवतात. बोराएवढे, चार.

"यातले घालायचे किती?"

"मला काय ठाऊक? बावन्न वर्षांत मी कधी मीठ घातलंच नाही."

"मग कोण घालायचं?"

कंडक्टर घंटी मारतो. पुन्हा मारतो. तिसऱ्यांदा ती घंटी टीं टीं अशी वाजते, आणि संयोगिता स्टुलावर दचकून सरळ बसते.

पडद्यावर शून्य. ती उजव्या हातानं वाफ सोडते, झाकण काढते, चमचाभर पाणी फुंकून चाखते. अळणी. मिठाचा कणही नाही. मीठ तर तिनं टाकलं होतं; खारट चमचा अजून ओट्यावर पडलाय.

डावी मूठ मघापासून घट्ट मिटलेली आहे. ती उघडते. चार खडे, दमट, बोराएवढे. आत्या गेल्यापासून या घरात पुडीतल्या बारीक मिठाशिवाय दुसरं मीठ आलेलं नाही. संयोगिता संभाव्यतेचा विचार करू लागते, आणि तासाला बसलेल्या मुलासारखी मध्येच तो सोडून देते.

ती बाहेर जाऊन आबांसमोर उभी राहते.

"आबा, मीठ बघता का जरा?"

पेपर खाली येतो. आबा तिच्या तळव्याकडे बघतात. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठतात.

"इथं बघून काय कळतंय? भांडं कुठाय?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा ते स्वयंपाकघरात येतात. चमचा मागतात, चाखतात, तोंड वाकडं करतात. तिच्या तळव्यावरचे दोन खडे उचलून भांड्यात सोडतात, ढवळतात, पुन्हा चाखतात.

"चार कशाला? ती पण कायम चारच आणायची. दोन बास. बाकीचे ठेव पुढच्या रविवारला."

संयोगिता मूठ मिटते. दुसऱ्या हातानं वाटी भरून देते. आबा ओट्याला टेकून, उभ्यानंच, फुंकत फुंकत ती संपवतात.

"आलं जास्त झालंय," ते म्हणतात, आणि रिकामी वाटी पुढं करतात.