पळीभर तीर्थ

गणपती जवळ आले की बाबांना घर म्हणजे बोट वाटू लागते. बोटीवरची नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी सगळं चकाचक पाहिजे! त्या वर्षी चिंच-मिठाने देवाची भांडी घासायचा त्यांना कंटाळा आला. तांब्या-पितळेची भांडी उजळवणारं, पाण्यासारखं नितळ लिक्विड त्यांनी बाजारातून आणलं, पंचपात्रीत काठोकाठ ओतलं आणि ती भिजत देव्हाऱ्यापुढेच ठेवून स्वारी माळ्यावरून मखर काढायला गेली. घरात कुणाला तरी सांगायला हवं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आई आंघोळ करून आली. आंघोळ झाली की डोळे मिटून पळीभर तीर्थ, मग चहा, हा तिचा जन्माचा क्रम. तिने तो पाळला आणि किंचाळली.

मी धावले. बरंचसं तिने थुंकलं होतं, पण थोडं पोटात गेलंच होतं. ओठ लालभडक झाले होते. बाबा शिडीवरून उतरता उतरता ओरडले, "मिठाचं पाणी दे गो तिला, ओकून टाकू दे सगळं!"

"अजिबात नाही!" मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले. उलटी करवू नका, असं बाटलीवर ठळक लिहिलं होतं. जे आत जाताना जाळतं, ते वर येतानाही जाळणारच की. आईला चुळा भरायला लावल्या, बाटली पिशवीत टाकली आणि रिक्षाने रत्नागिरीतला मोठा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी बाटली वाचली. "उलटी करवली नाहीत, बरं केलंत," म्हणाले. नळी घालून आतून पाहिलं. जखम वरवरची होती, पण गिळता येतंय का ते सूज उतरल्यावरच कळणार होतं. तोवर सलाईन. आई गप्प पडलेली मी कधी पाहिली नव्हती. तिच्या बडबडीचा मला कायम वैताग, आणि आता तीच ऐकायला जीव तळमळत होता. बाबा खाटेच्या पायथ्याशी बसून होते. त्यांचा संताप येत होता आणि कीवही.

अखेर पातळ पेज द्यायची परवानगी मिळाली. बाबांनी घरी जाऊन ती स्वतः केली, थर्मासमधून आणली आणि चमचा तिच्या ओठांशी धरला. आम्ही दोघंही तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. घोट उतरला.

"मीठ कोण घालणार, शेजारी?" आईने घोगऱ्या आवाजात विचारलं.

बाबा रडायलाच लागले. मी चमचा घ्यायला गेले, तर आईने माझा हात बाजूला सारला आणि बाबांकडे तोंड करून पुन्हा आ केला.