सिस्टरचा खांदा

भाऊ बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे कधी बघायचेच नाहीत, ओठांकडे बघायचे. नव्या माणसाला वाटे, आपल्या मिशीला पोहे चिकटलेत की काय.

अंबड एमआयडीसीच्या कंपनी-बसमध्ये तुम्ही कधी बसला असाल, तर तिथली संसद तुम्हाला ठाऊक असेल. विषय एकच: मोठ्या कंपनीत सुख किती आणि दुःख किती. कुणीतरी म्हणे, "लहान वर्कशॉपात मालक नावाने हाक मारतो. इथं आपण नुसता नंबर." भाऊ त्याचे ओठ पुरते वाचून घेत आणि गरजत, "अन् आजारी पडलास की तोच मालक नाव विसरतो! कंपनी आहे बाबा, किराणा दुकान नाही!"

गरजत म्हणजे कसे, तर ड्रायव्हर दचकून ब्रेक मारायचा. भाऊ प्रेस शॉपचे, म्हणजे जिथे जाड पत्रा ठोकून सुटे भाग काढतात तिथले. आमचा मोठा प्रेस खाली आला की पाथर्डी फाट्यावरच्या टपरीत चहावरची साय फाटायची, हे मी शपथेवर सांगतो. कानात घालायचे बोळे कंपनीने दिले, नाही असं नाही. पण ते येईपर्यंत भाऊंचे कान रिटायर झाले होते.

हे गुपित फक्त मला ठाऊक, आणि वहिनींना. वहिनींचं डायलिसिस चालू होतं, कंपनीच्या मेडिकल कार्डावर. वार्षिक तपासणीत कान नापास झाला की माणसाला प्रेसवरून उठवून गेटजवळच्या खुर्चीत बसवत. 'हलकं काम'. त्या खुर्चीत कुणी दुसरी दिवाळी पाहिलेली नाही. स्वेच्छानिवृत्तीचा कागद यायचा, त्यात स्वेच्छा सोडून बाकी सगळं असायचं. नोकरीबरोबर कार्डही जायचं.

तरी भाऊ दरवर्षी पास! काचेच्या पेटीत बसवतात, हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी एकदा विचारलं, "भाऊ, जमतं कसं?"

"सिस्टर आवाज सोडते ना, तेव्हा तिचा उजवा खांदा हलतो," भाऊ म्हणाले. "आपण खांदा ऐकतो!"

"अहो, आता तरी प्रेस सोडा. उरलंसुरलं पण जाईल."

"जाऊ दे की. बायकोची किडनी कंपनी सांभाळते, माझे कान कंपनी घेते. फिटलं!"

ते हसले. मला जमलं नाही, आणि मी तर मयतीत विनोद शोधणारा माणूस.

यंदा कंपनीने नवं मशीन आणलं. आवाज कॉम्प्युटर सोडणार. सिस्टर हाताची घडी घालून बाजूला उभी. माझा नंबर भाऊंच्या मागे, म्हणून काचेतून सगळं दिसत होतं. भाऊ खांद्याकडे बघत राहिले. खांदा हलेना. कपाळावर घाम आला. मग त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबायला लागले, एका ठेक्यात, जराही न चुकता. तो ठेका मी ओळखला. आमच्या मोठ्या प्रेसचा होता.

सिस्टरने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आधी खुर्ची आली, मग कागद. बसमधली संसद आता मिळमिळीत चालते. ड्रायव्हर ब्रेकही हळू मारतो.

परवा कंपनी-बसच्या खिडकीतून त्रिमूर्ती चौकात भाऊ दिसले. वहिनींना सरकारी दवाखान्यात न्यायला सिटी बसची वाट बघत उभे. आमच्या ड्रायव्हरने असा हॉर्न दिला की चौकातली कुत्री थेट पंचवटी गाठून थांबली. भाऊ ढिम्म. वहिनींनी कोपर ओढलं तेव्हा वळले. मी ओरडलो, "भाऊ, वहिनींचा डायलिसिसला नंबर लागला का?" त्यांनी माझे ओठ शोधले, पण काच बंद, वर धुळीचा थर.

मग त्यांनीच हात उंचावला आणि बंद काचेतूनही ऐकू येईल असे गरजले, "काय रे, कंपनी बरी आहे ना?"

बसमधल्या सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. तेवढं त्यांना ऐकू गेलं.