शून्यावरचा काटा

बंदरावरच्या बिनतारी केंद्रात सगळे त्याला काटेमास्तर म्हणत. तीस वर्षं काम एकच, ट्रान्समीटर आणि अँटेना यांचं जुळवून देणं. दोघांचं पटलं नाही, तर पाठवलेली शक्ती केबलमधून उलटी येते आणि ट्रान्समीटर जाळते. किती उलटी आली ते मीटरचा काटा दाखवतो. तो शून्यावर आल्याशिवाय मास्तर जेवायला उठत नसे. बायको म्हणायची, एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर संसाराचं सोनं झालं असतं.

त्या दुपारी वादळाचा इशारा आला. जवळच्या होड्यांनी निरोप मिळाल्याची पोच दिली. सर्वांत लांब गेलेली एकच होडी गप्प होती, आणि नेमका तिच्यावर मास्तरचा धाकटा भाऊ होता.

मास्तरनं वीस वेळा हाक मारली. काटा शून्यावर ढिम्म. म्हणजे इथलं सगळं चोख. बिघाड असलाच तर तिकडे. तेवढ्यात भावजय दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, ह्यांचा आवाज आला का?"

यंत्र ठीक आहे, असं तो सांगणार होता. पण त्याचा अर्थ तिलाही कळला असता, म्हणून "अजून नाही," एवढंच म्हणाला.

मग त्याच्या डोक्यात आलं, की हवा पालटली की थोडा तरी हलणारा हा काटा आठ दिवसांत हललाच नव्हता. आणि आपण स्वतःची पाठ थोपटत बसलो. उलटं काही येत नाही, कारण वर फारसं काही पोचतच नसेल तर? जवळच्या होड्यांना तेवढंही पुरलं असेल.

अँटेनाच्या खांबाशी धावत जाऊन त्यानं केबल कापली. आतून पाणी ठिबकलं. भिजलेली केबल जातानाही शक्ती गिळत होती, येतानाही. काट्यापर्यंत येणार काय, कपाळ.

त्यानं नवी केबल जोडली. काटा चांगलाच वर चढला, म्हणजे शक्ती वर पोचून उलटीही येत होती. एरवी तो खाली आणायला तासभर गेला असता. आज ट्रान्समीटर जळला तर जळो म्हणत मास्तरनं मीटरकडे पाठ केली, आणि वादळ येतंय, मागे फिर, असं धाकट्याला पुन्हा पुन्हा सांगितलं.

खरखर झाली. मग आवाज आला.

"ऐकलं दादा, वळवतोय. आठ दिवस तुझा आवाज बारीक होत चालला होता. सांगणार होतो, पण तुझा काटा शून्यावर म्हटल्यावर तुला कोण बोलणार?"

भावजय तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. मास्तरनं बटण दाबलं.

"सांगत जा रे," तो म्हणाला.